विम्याची वेस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'विमा' हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो आला कुठून हे सहसा कुणी विचारत नाही. कोशकार त्याचं मूळ फारसीतल्या 'बीम' या शब्दात दाखवतात. बीम म्हणजे भीती. आमच्या बल्लारपुरात घरात उर्दू, गल्लीत हिंदी आणि तेलुगू, शाळेत मराठी असा भाषांचा शेजार आहे. त्यामुळे 'बीमा' आणि 'बीमार' हे शब्द मला लहानपणापासून एकाच घरातले वाटत आले आहेत. आजार येईल, काम बुडेल, मजुरी थांबेल, ही ती भीती. एकट्याच्या उंबऱ्यावर बसलेली ही भीती सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची, एवढाच विम्याचा अर्थ. ऐकायला सोपा आहे. पण 'सगळ्यांनी' म्हणजे नेमकं कुणी, हे ठरवायला बसलं की पंचाईत सुरू होते. आपल्या देशात सरकारने आरोग्यविम्याची पहिली मोठी योजना आणली, तिच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या एका शब्दाभोवती फिरत होत्या.

जगात सक्तीच्या आजारविम्याची सुरुवात जर्मनीत झाली. १८८३ मध्ये बिस्मार्कने तो कायदा आणला. कामगारांना समाजवाद्यांचं वारं लागू नये हा त्याचा हेतू काही लपून राहिला नव्हता. इंग्लंडने १९११ मध्ये कायदा केला. तिथे कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकिटं चिकटवायची होती. घरच्या मोलकरणीच्या कार्डावर तिकीट लावायची पाळी मालकिणींवर आली, तेव्हा लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मोठ्या घरच्या बायकांची सभा भरली आणि 'आम्ही ही तिकिटं चाटणार नाही' असं त्यांनी ठणकावून सांगितलं. डॉक्टरांची संघटनाही विरोधात उभी राहिली. आज वाचताना हसू येतं. पण मालक, डॉक्टर आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो कामगार, असे तिघेही सुरुवातीला कुरकुरतात, हा अनुभव पुढे आपल्याकडेही यायचाच होता.

आपल्याकडची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवलं. आडारकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक. (१९७० मध्ये काही आठवडे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेले बी. एन. आडारकर ते वेगळे. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १९४२ मध्ये, सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेवरचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्याची जगभर चर्चा चालली होती. बेव्हरिज साहेबांचा जन्म आपल्याच उपखंडातला, बंगालमधल्या रंगपूरचा. आडारकरांना पुढे 'छोटा बेव्हरिज' असं नाव पडलं.

आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यांनी झेप फार मोठी घेतली नाही. कापड, इंजिनिअरिंग, आणि खनिज व धातू या तीन उद्योगांपासून सुरुवात करावी, मालकाने आणि कामगाराने दोघांनीही वर्गणी भरावी, विमा सक्तीचा असावा, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्यापुढचा देश कसा होता, ते लक्षात घ्यायला हवं. त्याच सुमारास नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये जो हिशेब मांडला, त्याप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सहा हजारांहून अधिक माणसांमागे एक डॉक्टर पडत होता. कामगार बिचारा अर्धा शहरातला, अर्धा गावातला. पेरणीला गावी गेला की परत कधी येईल याचा नेम नाही. त्याची वर्गणी कोणत्या महिन्याची धरायची आणि तो आजारी पडला तर कोणत्या गावात त्याला औषध द्यायचं? हा साधासा दिसणारा प्रश्न ऐंशी वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे दोन तज्ज्ञ, स्टॅक आणि राव, यांनी हा अहवाल तपासला. त्यांनी दोन मोठे बदल सुचवले. एक म्हणजे तीन उद्योगांवर न थांबता बारमाही चालणारे सगळे कारखाने विम्यात घ्यावेत, आणि आजारपणाबरोबर बाळंतपण व कामावरचा अपघात यांनाही एकाच छत्राखाली आणावं. दुसरा बदल कारभाराचा. रोख पैसे देण्याचं काम मध्यवर्ती महामंडळाने करावं आणि औषधोपचाराची व्यवस्था प्रांतांच्या सरकारांनी पाहावी. कागदावर ही वाटणी रास्त होती, कारण दवाखाने प्रांतांकडेच होते. पण पैसे गोळा करणारा एक आणि दवाखाना चालवणारा दुसरा, अशी ही जी जोडी जमली, तिचा संसार पुढे कधीच फारसा सुखाचा झाला नाही. दवाखान्यात औषध नाही म्हणून कामगार महामंडळाला बोल लावी, महामंडळ राज्याकडे बोट दाखवी.

विधेयक १९४६ च्या अखेरीस आलं, तेव्हा मजूर खातं जगजीवनराम यांच्याकडे होतं. मधे देश स्वतंत्र झाला. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला. आपण ज्याला 'ई.एस.आय.' म्हणतो तो हाच. ब्रिटनची गाजलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा त्यानंतर, जुलैमध्ये सुरू झाली. म्हणजे कायदा करण्यात आपण साहेबापेक्षा तीन महिने पुढेच होतो.

आणि मग जवळजवळ चार वर्षं काहीच झालं नाही.

का झालं नाही, हे बघण्यासारखं आहे. कायद्यात अशी सोय होती, की तो सगळ्या देशाला एकदम लागू होणार नाही. ज्या भागाचं नाव राजपत्रात निघेल, त्या भागात तो सुरू होईल. सुरुवातीला कानपूर आणि दिल्ली ठरले. तेव्हा कानपूरच्या गिरणीमालकांनी विचारलं, की आम्ही प्रत्येक कामगारामागे वर्गणी भरायची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी ती भरायची नाही, तर आमचं कापड त्यांच्यापेक्षा महाग होईल, त्याचं काय? तक्रार स्वार्थाची होती, पण खोटी नव्हती. त्यावर सरकारने १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. देशभरातल्या सगळ्या संबंधित कारखानदारांनी विशेष वर्गणी भरायची. जिथे योजना सुरू झाली आहे तिथे एकूण पगाराच्या सव्वा टक्का, जिथे झालेली नाही तिथे पाऊण टक्का. म्हणजे ज्या गावात विम्याचा दवाखाना उघडलेला नाही, तिथल्या मालकालाही पैसे भरणं आलं. पैसे आधी आणि दवाखाना मागाहून, हा क्रम तिथून पडला. कामगाराच्या पगारातली कपात मात्र त्याच्या गावात योजना सुरू झाल्यावरच व्हायची, एवढं शहाणपण ठेवलं होतं.

या महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कटियाल. त्यांच्याविषयी थोडं विषयांतर करतो, कारण हा माणूस आपल्याकडे कुणाला फारसा ठाऊक नाही. पंजाबात जन्मलेले कटियाल लंडनच्या पूर्व भागात, गोदी कामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी करत. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा त्यांची आणि चार्ली चॅप्लिनची भेट झाली ती या कटियाल यांच्या घरी. ते पुढे १९३८ मध्ये लंडनमधल्या फिन्सबरी या भागाचे महापौर झाले. तिथे गरिबांसाठी जे नमुनेदार आरोग्य केंद्र उभं राहिलं, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. एका छताखाली तपासणी, दात, क्षय, औषधं, असं सगळं. असा दवाखाना आधी बांधून मग लोकांना बोलावणारा माणूस १९४८ मध्ये भारतात आला, तेव्हा त्याच्या हाती एक कायदा आणि वर्गणीची कोष्टकं होती. दवाखाने इतरांच्या हाती होते. त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचं उद्घाटन झालं. दिल्लीतही त्याच दिवशी ती सुरू झाली. दोन्ही शहरं मिळून एक लाख वीस हजार कामगार. नेहरूंनी स्वतः अर्ज भरला आणि महामंडळाच्या दफ्तरी ते पहिले मानद विमाधारक झाले. १९५३ मध्ये पंजाबची काही शहरं, १९५४ च्या जुलैत नागपूर आणि त्याच वर्षी गांधी जयंतीला मुंबई, अशी योजना पुढे सरकली. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिलच्या गावात मुंबईच्या आधी विमा पोहोचला, हे आज नागपूरकरांच्याही लक्षात नसेल.

इथेही कार्डं आली, इंग्लंडसारखीच तिकिटं आली. मुंबईत खासगी डॉक्टरांची यादी करून त्यांच्याकडे विमा कामगारांची नावं लावून दिली, तर कानपूर-दिल्लीकडे विम्याचे स्वतंत्र दवाखाने काढले. दोन्ही पद्धतींत तक्रारी झाल्या. डॉक्टर विम्याच्या रोग्याला उरकून टाकतो, असं कामगार म्हणत. आजारपणाचे दाखले सढळ हाताने वाटले जातात आणि गैरहजेरी वाढते, असं मालक म्हणत. आजारपणात साधारण अर्धी मजुरी मिळे, वर्षातून ५६ दिवसांपर्यंत. अर्ध्या मजुरीसाठी कुणी हौसेने आजारी पडेल का, हा प्रश्न मालकांच्या सभांमध्ये बहुधा कुणी विचारला नसावा.

कामगारांची सगळ्यांत खरी तक्रार वेगळीच होती. विमा फक्त त्याचा होता, घरच्यांचा नव्हता. पगार कापला जायचा घराच्या भाकरीतून आणि औषध मिळायचं एकट्याला. पोर तापाने फणफणत असताना बापाने स्वतःच्या नावाचं कार्ड घेऊन काय करायचं? कुटुंबाला औषधोपचार मिळायला १९५८ उजाडलं, आणि तेही टप्प्याटप्प्याने. माझ्या मते त्या पहिल्या दहा वर्षांतली ही सगळ्यांत मोठी चूक होती. पैशांची अडचण होती हे मान्य, पण आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही, घर आजारी पडतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कारण हा कायदा कुणाला 'कामगार' म्हणत होता, ते बल्लारपुरात उभं राहून पाहिलं की लख्ख दिसतं.

बल्लारपूर हे गोंड राजांच्या जुन्या राजधानीचं गाव. वर्धा नदीच्या काठावर त्यांचा किल्ला अजून उभा आहे. रेल्वे अजूनही या गावाला बल्हारशाह म्हणते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कोळशाची खाण निघाली. १९४५ मध्ये लाला करमचंद थापर यांनी कागद कारखान्याची कंपनी स्थापन केली. कारखाना इथेच का, तर मागे चांद्याचं जंगल, जंगलात बांबू, पायाशी वर्धेचं पाणी, शेजारी कोळसा आणि दाराशी रेल्वे. आंध्रातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून माणसं आली आणि गाव वाढलं. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. सिरोंचा-भामरागडपर्यंत सगळा चांदा जिल्हाच.

१९४८ च्या कायद्यात 'कारखाना' म्हणजे काय, ते नीट लिहिलं होतं. विजेवर किंवा यंत्रशक्तीवर चालणारा, वीस किंवा अधिक माणसं असलेला, बारमाही. हंगामी कारखाने वगळले. खाणी वगळल्या. महिना चारशे रुपयांपेक्षा जास्त पगाराचा माणूस वगळला. ठेकेदाराचा माणूस धरला, पण तो कारखान्याच्या आवारात किंवा कारखान्याच्या देखरेखीखाली काम करत असेल तर.

ही व्याख्या हातात घेऊन आमच्या एखाद्या मोहल्ल्यातून चाला. पहिल्या घरात खाणीत उतरणारा. तो या कायद्यात नाही, त्याच्यासाठी १९४७ चा कोळसा खाण कामगार कल्याण निधी, कोळशावर टनामागे उपकर बसवून उभा केलेला. दुसऱ्या घरात रेल्वेचा गँगमन, त्याला रेल्वेचा दवाखाना. तिसऱ्या घरातला सरकारी शिपाई, त्याचे नियम वेगळे. चौथ्या घरातला कारखान्यात कायम असलेला, कायद्याच्या डोळ्यांसमोरचा खरा कामगार हाच. आणि पाचव्या घरातला बांबू तोडणारा. कागद ज्याच्यापासून होतो तो बांबू हाच माणूस तोडतो, पण त्याचं कामाचं ठिकाण कारखान्याच्या आवारात नाही. ते दीडशे किलोमीटर लांब, जंगलातल्या कुपात. तिथे वीज नाही, यंत्र नाही, बारमाही काम नाही. वीस माणसं मात्र होती. कधी दोनशेही असायची. पण वरच्या तीन अटींत तो कुठेच बसत नव्हता.

हाच न्याय उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला. तिची पुडकी मोजली जातात, ती मोजली जात नाही.

माझे एक दूरचे मामू दिवाळीनंतर बांबूच्या कामावर जायचे, एका जंगल ठेकेदाराकडे, आल्लापल्लीच्या पलीकडे. बांबू तोडला की जमिनीत जी खुंटी राहते ती भाल्यासारखी तिरपी आणि धारदार असते. एकदा ती त्यांच्या तळपायातून आरपार गेली. ट्रकच्या टपावर, बांबूंवर आडवं टाकून त्यांना दोन दिवसांनी घरी आणलं. मी तेव्हा शाळेत होतो. पाय सुजून काळानिळा झालेला, आणि मामू घरातल्या बायांना सांगत होते की कुणी तरी जाऊन हिशेब आणा. आमच्या घरातलं कुणी तरी मुकादमाकडे गेलं. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने वही उघडून दाखवली. वहीत टोळीच्या म्होरक्याचं नाव होतं आणि त्याच्यापुढे बंडलांचे आकडे. मामूंचं नाव त्या वहीत कुठेच नव्हतं. जिथे नावच नाही तिथे भरपाई कुणाला देणार? पाय वाचला, पण ते पुन्हा जंगलात जाऊ शकले नाहीत. पुढे स्टेशनबाहेर केळी विकायचे. त्याच काळात गल्लीतल्या एका शेजाऱ्याला टायफॉइड झाला. तो एका कारखान्यात कायम होता. त्याला घरी बसून पगाराचा काही भाग मिळाला. या दोन घरांच्या मधे एकच भिंत होती.

वहीत नाव कसं येतं, याचं एक वेगळं उत्तर आमच्यापासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामने दिलं होतं, आणि ते मला फार आवडतं. १९८० च्या आसपास कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉ. उल्हास जाजू यांनी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत आरोग्यविमा सुरू केला, तो जवारीवर. सुगी झाली की प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे जवारी द्यायची. शेतवाल्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च निघे, आणि अचानक आलेल्या मोठ्या आजारात सेवाग्रामला मोफत उपचार मिळत. अट एकच, गावातल्या किमान पाऊण घरांनी सामील व्हायचं. आपल्यापुरतं बघणाऱ्या गावाला विमा नाही. इथे यादी राजपत्रात निघत नव्हती, ती चावडीसमोर होत होती. कोण राहिलं, कोण गावाला गेलंय, कोणाकडे द्यायला पायलीभर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे. ही पद्धत देशभर चालली असती का? मला शंका आहे. तिच्यामागे एक मोठं रुग्णालय आणि चिकाटीची माणसं होती, आणि दोन्ही गोष्टी आदेशाने निर्माण होत नाहीत. पण आडारकरांपुढे जो प्रश्न होता, की शेतीच्या हंगामाप्रमाणे जगणाऱ्या माणसाची वर्गणी कशी घ्यायची, त्याचं उत्तर जवारीच्या पायलीत होतं.

एकविसावं शतक आलं आणि कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या माणसाकडे सरकारचं लक्ष गेलं. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना होती, पण ती मोजक्या मोठ्या आजारांसाठी, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि दाखल्यांच्या जंजाळातून जाणारी. आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू झाली. आमच्या गावाचे निम्मे नातेवाईक कागजनगर, मंचेरियल या बाजूला. ते लग्नाकार्याला आले की पांढरं शिधापत्रक दाखवून मोठी शस्त्रक्रिया फुकट झाल्याच्या गोष्टी सांगत, आणि इथली मंडळी ऐकत. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना आणली. तीस रुपयांत नोंदणी, पाच जणांच्या कुटुंबाला तीस हजारांचं संरक्षण आणि अंगठ्याच्या ठशावर चालणारं कार्ड. ज्यांचे अंगठे कामाने घासून गुळगुळीत झालेत, त्यांच्यासाठी अंगठ्याचं यंत्र! ज्याने कुणी ही कल्पना काढली, त्याने बांबू तोडणाऱ्याचा हात हातात घेऊन पाहिलेला नसणार.

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रकावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, ९७२ शस्त्रक्रिया आणि उपचारांची यादी, वर्षाचा हप्ता सरकारने विमा कंपनीला द्यायचा. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते, आणि त्यांत मुंबई शहर व उपनगराच्या जोडीला गडचिरोली होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या विम्यात जे जंगल कुठेच नव्हतं, त्याचं नाव या वेळी पहिल्या यादीत आलं. हे श्रेय द्यायलाच हवं.

चंद्रपूर मात्र पहिल्या यादीत नव्हतं. दोन जिल्ह्यांच्या मधे वैनगंगा. आमच्या ओळखीचे दोन भाऊ, थोरला नदीपलीकडे आष्टीला, धाकटा बल्लारपुरात. थोरल्याच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलावी लागली. पिवळं शिधापत्रक घेऊन ते नागपूरला गेले, शस्त्रक्रिया झाली, पैसा लागला नाही. त्याच वर्षी धाकट्याला मूत्रपिंडाचा त्रास निघाला. त्याचं शिधापत्रकही पिवळंच, पण चंद्रपूर जिल्ह्याचं. कुणी सांगे, भावाच्या पत्त्यावर नाव चढव. कुणी सांगे, थांब, आपल्याकडेही येणार आहे. तो थांबला. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपुरात योजनेच्या राज्यभर विस्ताराचं उद्घाटन झालं, तोवर त्याने सासरच्या वाट्याची जमीन गहाण टाकून उपचार करून घेतले होते. जवळजवळ सतरा महिने एका नदीच्या दोन काठांवर एकाच आजाराची किंमत वेगळी होती. कानपूरच्या गिरणीमालकांनी १९५१ मध्ये जो प्रश्न विचारला होता, तोच हा. फक्त मालकांच्या प्रश्नाला कायद्यात दुरुस्ती मिळाली.

ज्यांना कार्ड मिळालं त्यांच्याही पुढे अंतर होतं. योजनेत रुग्णालय यायचं तर खाटा, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग अशा अटी. अटी योग्यच. पण त्या पुऱ्या करणारी रुग्णालयं बहुतेक नागपूर-वर्ध्याकडे. सिरोंचाहून गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटरहून जास्त, आणि पुढे नागपूर. शिवाय विमा अंथरुणाला खिळलेल्याचा. हिवतापाची पहिली हुडहुडी, पोराची हगवण, सिकलसेलच्या दुखण्याची गोळी, म्हणजे ज्याने हा मुलूख खरोखर गांजला आहे, ते बाह्यरुग्ण विभागातलं दुखणं, विम्यात नव्हतं. त्यासाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र उघडं असावं लागतं आणि तिथे डॉक्टर असावा लागतो. हेमलकशाला १९७३ पासून आमटे कुटुंबाने आणि गडचिरोलीला १९८६ पासून बंग दांपत्याने जे काम केलं, ते याच जागी केलं.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, कुटुंबाला पाच लाखांची. तिच्यातही पुन्हा यादी आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत ज्याची नोंद त्या निकषांत बसली, तो आत. अर्ज करून आत येण्याची सोय नव्हती. गणना करणारा दारात आला, त्या दिवशी जो मजूर मिरची तोडायला तेलंगणाकडे गेला असेल, त्याच्या घराला कुलूप होतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने शिधापत्रकाच्या रंगाची अट काढून सगळ्यांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं ठरवलं, आणि २०२४ च्या जुलैपासून ते अंमलात आलं. म्हणजे कागदावर तरी 'सगळे' या शब्दाचा अर्थ पंचाहत्तर वर्षांनी 'सगळे' असा झाला. २०१५ पासून चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तरीही बल्लारपूरहून नागपूरकडे निघणाऱ्या गाडीत फायली आणि एक्स-रेची पाकिटं सांभाळत बसलेली माणसं असतातच. २०१२ च्या योजनेच्या नियमांत प्रवासखर्चाचंही एक कलम होतं. एस.टी.चं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं रुग्णाला मिळायचं, पण फक्त रुग्णालयातून घरी परत जाण्याचं. घरून रुग्णालयापर्यंत यायचं भाडं ज्याचं त्याने भरायचं होतं.